रोममधले बंद न होणारे नळ

मी लातूरची. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आमच्या घरात भाजी धुतलेलं पाणीसुद्धा फेकलं जात नव्हतं. त्यामुळे रोममध्ये राहायला आल्यावर सगळ्यात जास्त संताप आला तो इथल्या रस्त्यावरच्या नळांचा. त्यांना नाझोनी म्हणतात. बिडाचा बुटका खांब, त्यावर एसपीक्यूआर ही अक्षरं, म्हणजे ‘रोमचं सिनेट आणि जनता’, आणि खाली वाकलेली तोटी. पाणी अखंड वाहतं, रात्रीसुद्धा. शहरात असे अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत आणि बंद करायला चावीच नाही!

एकदा न राहवून मी तोटीवर बोट दाबून धरलं. शेजारच्या आजी बाजारातून येत होत्या. मला तहान लागलीय असं वाटून त्यांनी तोटीच्या वरचं बारीक भोक दाखवलं. खालून बोट लावलं की तिथून कारंजं उडतं आणि वाकावं न लागता पाणी पिता येतं. मग मी विचारलंच, एवढं पाणी वाया का घालवता? त्या म्हणाल्या, वाहतं म्हणून ताजं राहतं, साचलं की खराब होतं.

हे नळ १८७४ पासूनचे, पण रीत त्याहून फार जुनी. प्राचीन रोममध्येही सार्वजनिक हौदांत पाणी अखंड पडायचं आणि ओसंडलेलं पाणी गटारं धुऊन न्यायचं. सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधलेला आक्वा व्हिर्गो हा बहुतांश जमिनीखालून आलेला कालवा. मध्यंतरी मोडतोड झाली, पोपांनी दुरुस्त केला, आणि त्रेवी कारंज्याला आजही त्याचंच पाणी येतं. स्पॅनिश पायऱ्यांपाशी नावेच्या आकाराचं कारंजं इतकं खाली, जमिनीलगत आहे, कारण तिथे या पाण्याला जोरच कमी.

मला मात्र रोमन कालव्यांच्या कमानींपेक्षा फ्राँटिनस मोठा वाटतो. इसवी सन ९७ मध्ये तो शहराचा पाणी-अधिकारी झाला आणि त्याने सगळा हिशेब लिहून ठेवला. खासगी घराला पाणी हवं तर सम्राटाची परवानगी लागे. ती वारसाला मिळत नसे, घर विकलं तर घेणाऱ्यालाही नाही. कोणाला किती पाणी, ते शिक्का मारलेल्या काशाच्या तोटीच्या मापावर ठरे. तरी चोरी व्हायचीच. पाणीखात्याचीच माणसं मोठी तोटी बसवून द्यायची, रस्त्याखालून गुपचूप नळ्या निघायच्या. आपल्याकडे मेन लाइनला टिल्लू पंप लावतात, तसंच. पाणी ही सरकारची जबाबदारी, त्याला एक उत्तरदायी अधिकारी हवा आणि मोजमाप हवं, ही आजच्या नगरपालिकेची चौकट त्याच्या लिखाणात स्पष्ट दिसते.

पण ‘सगळं रोमनांनीच शिकवलं’ असं इथे कोणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, जमिनीखालून नहर आणली. आणि फ्राँटिनसच्याच आकड्यांनुसार रोमचे कालवे राखायला ७०० गुलाम होते. अपेनाइन डोंगरातले बारमाही झरे आणि फुकटचे हात ज्यांच्याकडे होते, त्यांच्याशी चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढणाऱ्या मराठवाड्याची तुलना करणं मला पटत नाही.

रोमलाही दुष्काळ चुकला नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात पाणीकंपनीने नाझोनी टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. लोक चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. या नळांपेक्षा कितीतरी जास्त पाणी जमिनीखालच्या गळक्या पाइपांतून जातं. उघड्यावरचा नळ बंद करणं सोपं, रस्ता खोदून पाइप बदलणं महागाचं. लातूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.