एक ‘सेव्ह’, तीन क्रियापदं

दक्षिण आफ्रिकेतल्या एका बँकेच्या मोबाइल अ‍ॅपचं अफ्रिकान्स भाषांतर त्या दिवशी तपासणीत होतं. फाइली लावून देणं आणि शंका सोडवणं माझ्याकडे. तपासनीस बाईंची पहिलीच शंका: पत्ता बदलायच्या फॉर्मखाली बटणावर ‘स्पार’ कसं? ‘स्पार’ म्हणजे पैसे साठवणं.

भाषांतरकाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. डेव्हलपरने इंग्रजी ‘सेव्ह’ला एकच ‘की’ (कोडमध्ये मजकूर ओळखायचं नाव) देऊन ती तीन स्क्रीनवर वापरली होती. बचतीच्या स्क्रीनसाठी केलेलं भाषांतर मग सगळीकडे उमटलं. अफ्रिकान्समध्ये फॉर्म किंवा फाइल असेल तर ‘स्टोर’, पैसे बाजूला टाकायचे तर ‘स्पार’, आणि ‘शुल्कात २० टक्के वाचवा’ अशा जाहिरातीत ‘बेस्पार’. आपणही जतन, बचत, वाचवणे असं वेगवेगळंच म्हणतो की! तीन स्वतंत्र ‘की’ करून घेतल्या आणि प्रत्येकीला स्क्रीनशॉट जोडला. नुसत्या एका शब्दाच्या ओळीवरून कुणालाच अर्थ लागत नाही.

खरी डोकेदुखी संदेशांत होती. अफ्रिकान्स क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण भूतकाळात ‘स्टोर’चं ‘खेस्टोर’ होतं (लिहितात ‘ग’, उच्चार घशातला ‘ख’). ‘बेस्पार’ला मात्र हा ‘खे’ लागत नाही, कारण सुरुवातीला ‘बे’ आहे. सरसकट ‘खे’ चिकटवला की चुकलंच.

शिवाय हे रूप वाक्याच्या शेवटी जातं: ‘येय हेट ५०० रँड खेस्पार’, म्हणजे तुम्ही ५०० रँड साठवले. कोडमध्ये ‘तुम्ही साठवले’ हा तुकडा आधी आणि रक्कम मागून जोडलेली होती. तसं अफ्रिकान्समध्ये वाक्य बसतच नाही. नकारात तर ‘नी’ दोनदा येतो: ‘दी लेअर इस नी खेस्टोर नी’, फाइल जतन झाली नाही. नकाराचा शब्द वेगळा जोडला की शेवटचा ‘नी’ हमखास गळतो. म्हणून अख्खं वाक्य एकाच ओळीत, आत रकमेचा प्लेसहोल्डर (रक्कम नंतर भरायची राखीव जागा), आणि तो हलवायची मुभा भाषांतरकाराला.

राहिलं बचत खात्याचं बटण. ‘स्पाररेकनिंग’ हा रोमन लिपीत १३ अक्षरांचा शब्द. मावेना म्हणून कुणीतरी मध्ये जागा सोडून त्याच्या दोन ओळी केल्या होत्या. अफ्रिकान्समध्ये असा जोडशब्द तोडणं ही शुद्धलेखनाची चूक. शब्द जोडून घेतला आणि बटण रुंद करायला सांगितलं.