पासबुक आणलं का?

सल्ला केंद्रात रुजू झाले तेव्हा पहिले पंधरा दिवस मी नुसते शासन निर्णय पाठ केले. संजय गांधी निराधार योजना वयाच्या पासष्टीच्या आत, त्यापुढे श्रावणबाळ. महाराष्ट्रात पंधरा वर्षं वास्तव्य हवं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,०००च्या आत, दिव्यांगांसाठी ५०,०००. हे सगळं न अडखळता सांगता यायला लागल्यावर काम आलं, असं मला वाटलं होतं.

या २१,०००वर मात्र माझा राग आहे, तो इथेच काढते. म्हणजे महिन्याला १,७५०. २०२४-२५मध्ये रोजगार हमीची रोजची मजुरी २९७ रुपये होती, कुणी शंभर दिवस पूर्ण भरले तर २९,७०० झाले. म्हणजे शासनाच्याच कामावर खपलेली बाई शासनाच्याच हिशेबाने निराधार राहत नाही. म्हणून दाखल्यावर बहुतेकांचं उत्पन्न २०,००० किंवा २१,०००च लिहिलेलं असतं. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, तपासणाऱ्यालाही माहीत. खरं उत्पन्न सांगणारी तेवढी अपात्र.

तर मावशी आल्या. वय बावन्न, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, राहायला दिराकडे. पगार बंद झाला म्हणाल्या. आमच्याकडे अनुदानाला सगळे पगारच म्हणतात. नऊ महिने एक रुपया नाही. मी लगेच ताडलं, हयातीचा दाखला राहिला असणार किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली असणार. तहसीलदारांच्या नावे दीड पानी अर्ज लिहिला. 'कोणतीही पूर्वसूचना न देता' हे शब्द त्यात दोनदा होते. आमच्या ज्येष्ठ बाईंनी तो वाचलाही नाही. "पासबुक आणलं का?" एवढंच विचारलं. त्या सगळ्यांना हेच विचारतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना हसायचे.

तहसीलमध्ये संगायोच्या, म्हणजे संजय गांधी योजनेच्या, टेबलावर क्लार्कने मान वर न करता आधार क्रमांक मागितला. दोन मिनिटांनी म्हणाला, "बंद कुठंय? दर महिन्याला जातायत पैसे." स्क्रीन वळवून दाखवली. दीड हजार, यशस्वी. पुन्हा दीड हजार, यशस्वी. खात्याचे शेवटचे चार आकडे मात्र मावशींच्या पासबुकातले नव्हते. माणूस उर्मट होता, पण माझ्या दीड पानापेक्षा त्याची दोन मिनिटं कामाला आली.

खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. जोडलेलं चार खात्यांना असू शकतं. सीडिंग एकाच खात्याचं असतं, सर्वांत शेवटी संमती दिलेल्या. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा पासबुक बघत नाही, आधारावरून त्या एका खात्यात जाऊन पडतो. आदल्या वर्षी लाडकी बहीणच्या गर्दीत गावात खाती उघडायचा कॅम्प लागला होता. मावशींनीही अंगठा दिला होता. खरं तर निराधारचे दीड हजार मिळतात म्हटल्यावर मावशी त्या योजनेत बसतच नव्हत्या, पण कॅम्पात हे कोण सांगणार? सीडिंग कुठे आहे ते आधारच्या साइटवर दिसतं. त्यासाठी ओटीपी लागतो, आणि मावशींच्या आधारला मोबाइल होता नवऱ्याचा. बंद पडलेला.

मग कॅम्प लावलेल्या त्या दुसऱ्या बँकेतच गेलो. मावशींनी अंगठा लावला, उतारा निघाला. पैसे जमा झाले की दोन दिवसांत एटीएममधून काढलेले, नऊच्या नऊ वेळा. साडेतेरा हजार. मावशींनी एटीएम कार्ड कधी हातातही धरलेलं नव्हतं. खात्याला लावलेला मोबाइल नंबर काउंटरवरच्या मुलीने मोठ्याने वाचला. मावशींनी ओठांतल्या ओठांत शेवटचे आकडे पुन्हा म्हटले आणि पिशवीची गाठ मारली.

"पुतण्याचा आहे," बाहेर आल्यावर म्हणाल्या.

मी तक्रारीचं बोलायला लागले. कार्ड बंद करू, बँकेला लेखी देऊ, वाटलं तर पोलिसांत. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मॅडम, रात्री मला त्याच घरात जायचंय. तुम्ही तेवढं जुन्या खात्यात आणून द्या."

जुन्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज भरला. फुकटचं काम, एका पानाचं. नोंदवहीत 'निकाल' या रकान्यात मी लिहिलं, आधार सीडिंग बदलले. साडेतेरा हजारांसाठी त्या वहीत रकाना नाही. ज्येष्ठ बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं ना? मग झालं." झालं का, ते मला अजून ठरवता येत नाही. मावशींना आधीपासून माहीत होतं का, हेही मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात मावशी पासबुक दाखवायला आल्या. दीड हजारांची नोंद होती. पुतण्याच गाडीवर सोडायला आला होता. तो आत आला नाही.