न भरणारी जखम आणि जादूचे चित्रपट

जादूगार, राक्षस आणि मंतरलेल्या अंगठ्या असलेले चित्रपट मुलांसाठी असतात आणि वय वाढले की त्यांची गोडी आपोआप सुटते, असे माझ्या पिढीतील अनेक जण आता म्हणू लागले आहेत. महाविद्यालयात असताना याच मंडळींनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि ‘हॅरी पॉटर’चे चित्रपट रात्र रात्र जागून पाहिले होते. या उन्हाळ्यात माझी भाची धुळ्याहून जळगावला आमच्याकडे राहायला आली आणि मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे शक्य नसल्यामुळे आम्ही दोघांनी या मालिका पुन्हा क्रमाने पाहिल्या. त्यांतील काही चित्रपट प्रौढ प्रेक्षकासमोर आजही पूर्ण ताकदीने उभे राहतात, तर काही साफ कोसळतात, आणि याचा त्यांतील जादूच्या झगमगाटाशी फारसा संबंध नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. कथेत जे गमावले जाते ते गमावलेलेच राहते का, यावर सारे अवलंबून असते.

हा निकष खानदेशातील माणसाला परका वाटू नये. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेत, अस्तंबा नावाचे शिखर आहे आणि दिवाळीच्या सुमारास तेथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो आजही या डोंगरांत फिरतो, जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्या यात्रेकरूंना वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे. झोपेत असलेल्या मुलांची हत्या आणि उत्तरेच्या गर्भावर सोडलेले अस्त्र यांचे प्रायश्चित्त म्हणून त्याच्या वाट्याला मरण नसलेले आयुष्य आले. अमरत्व हीच शिक्षा, ही कल्पना अद्भुतच आहे, पण तिला पोरांची गोष्ट म्हणणारा मला आमच्या भागात अजून भेटलेला नाही. अद्भुत कथा मोठ्यांची कशी होते, हे आपण अस्तंब्याच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत.

या मोजपट्टीवर पीटर जॅक्सन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मालिका सर्वांत भक्कम ठरते. तिचे तीन भाग 2001, 2002 आणि 2003 मध्ये आले आणि शेवटच्या भागाला 11 ऑस्कर मिळाले. विशीत मला त्यातील लढाया आवडल्या होत्या. आता लढायांच्या वेळी मी शांत असतो आणि बोरोमीरच्या प्रसंगाला अस्वस्थ होतो. जगाला गिळू पाहणारी एक अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायची, ही या कथेतील मोहीम. तिच्या मोहाने मित्रावर, म्हणजे ती वाहून नेणाऱ्या फ्रोडोवर, हात टाकणारा हा शूर माणूस काही क्षणांतच भानावर येतो आणि दोन लहानखुऱ्या सोबत्यांना वाचवताना प्राण देतो. चूक आणि तिची भरपाई यांच्यात त्याला पुरेसा वेळच मिळत नाही, हे दुःख विशीत कळणे कठीण असते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, ज्वालामुखीच्या काठावर पोहोचलेला फ्रोडो शेवटच्या क्षणी अंगठी टाकत नाही, ती स्वतःची म्हणून बोटात घालतो. एवढा प्रवास करून नायक हरतो आणि जग वाचते ते त्याच अंगठीने पछाडलेल्या गॉलमच्या हव्यासामुळे. मुलांना सुखावण्यासाठी लिहिलेल्या कथेत असे घडू दिले जात नाही.

त्यानंतरचा भाग मला सर्वाधिक मोलाचा वाटतो. फ्रोडोसह चौघे मित्र गावी परततात, नेहमीच्या पेयगृहात बसतात, भोवती गावकऱ्यांची गडबड चाललेली असते आणि या चौघांना एकमेकांशी बोलायला शब्द सापडत नाहीत. फ्रोडोच्या खांद्यावरचा घाव चार वर्षांनंतरही भरलेला नसतो आणि ज्या गावासाठी त्याने हे सगळे केले, तेच गाव सोडून त्याला जावे लागते. मूळ कादंबरीचे लेखक टॉल्किन 1916 मध्ये पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईत होते आणि महायुद्ध संपेपर्यंत त्यांच्या अगदी जवळच्या मित्रांपैकी एक सोडून सारे गेले होते. घरी परतलेल्या माणसाच्या मौनाचे वजन त्या दृश्यात टिकून आहे. तंत्राच्या बाजूनेही हे चित्रपट फारसे म्हातारे झालेले नाहीत, कारण न्यूझीलंडचे खरे डोंगर, हाताने बांधलेल्या किल्ल्यांच्या भव्य प्रतिकृती आणि गॉलममागचा अँडी सर्किस यांचा जिवंत अभिनय यांचा त्यांना आधार आहे.

त्याच दिग्दर्शकाची ‘हॉबिट’ मालिका मात्र माझ्यासाठी संपली आहे. 1937 च्या एका आटोपशीर बालकादंबरीचे तीन लांबलचक चित्रपट करताना पुस्तकात नसलेली प्रेमकथा आणि न संपणाऱ्या लढाया भराव्या लागल्या, आणि त्या गर्दीत मरणाराही कोणी मनाला लागत नाही.

‘हॅरी पॉटर’विषयी माझे मत असे सरळ देता येत नाही. पहिले दोन चित्रपट मुलांचे आहेत आणि ते तसेच असावेत. 2004 मध्ये अल्फोन्सो क्वारोन यांनी केलेल्या तिसऱ्या चित्रपटापासून सूर बदलतो. माणसातील सारा आनंद शोषून घेणारे डिमेंटर आणि आपल्या आजारासारख्या शापामुळे नोकरी सोडून निघणारा शिक्षक ल्युपिन हे दोन्ही मला आता जवळचे वाटतात. पालक आपल्यासारख्याला शिक्षक म्हणून स्वीकारणार नाहीत, हे तो ज्या थकलेल्या शांतपणे सांगतो, त्यात अपमानाची जुनी सवय दिसते.

2010 च्या चित्रपटाची सुरुवात तर मला पुस्तकापेक्षाही सरस वाटते. आईवडील सुरक्षित राहावेत म्हणून हॅरीची मैत्रीण हर्माइनी त्यांच्या मनातून स्वतःची आठवण पुसून टाकते आणि भिंतीवरच्या छायाचित्रांतून तिचा चेहरा एकेक करून नाहीसा होतो. पुस्तकात ही गोष्ट केवळ संवादातून कळते. चित्रपटाने ती डोळ्यांसमोर घडवली. कूलरच्या वाऱ्यासाठी आमच्याजवळ येऊन बसलेल्या माझ्या आईने तोवर काहीच विचारले नव्हते. ते दृश्य पाहून तिने विचारले, “मंग मायबापले तिनी याद वनी का नही?” याचे उत्तर पुढचा एकही प्रसंग दाखवत नाही. भाचीला हर्माइनीच्या धैर्याचे कौतुक वाटले, आईला त्या आईबापांची काळजी लागली. एकाच दृश्यात दोन वयांना दोन वेगळ्या गोष्टी मिळाव्यात, याहून अधिक मी कोणत्याही चित्रपटाकडून मागत नाही.

याच मालिकेचा शेवट मात्र मला खटकतो. मृत्यूला चुकवण्यासाठी स्वतःच्या आत्म्याचे तुकडे करणारा खलनायक व्होल्डेमॉर्ट पुस्तकात साध्या माणसासारखा जमिनीवर कोसळतो, मागे प्रेत राहते आणि ते इतर मृतांपासून दूर, वेगळ्या दालनात ठेवले जाते. अमरत्वाच्या हव्यासाला याहून कठोर उत्तर नाही. 2011 च्या चित्रपटात तो राखेच्या कपट्यांसारखा हवेत विरून जातो. दृश्य देखणे आहे, पण ज्याला सर्वसामान्य मरणाची सर्वांत जास्त भीती होती, त्याला ते मरण चित्रपटाने दिलेच नाही.

सातही पुस्तकांवर नवी दूरदर्शन मालिका करण्याची घोषणा एचबीओने 2023 मध्ये केली आहे. भाचीला त्यातील जादूच्या शाळेचा किल्ला कसा दिसेल याची उत्सुकता आहे. मी मात्र शेवटच्या लढाईनंतर त्या दालनात व्होल्डेमॉर्टचे प्रेत दिसते का, हे पाहण्यासाठी ती मालिका शेवटपर्यंत पाहणार आहे.