मोजून घेतलेली मुलं

एप्रिल संपत आला की पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, एक घोषणा हमखास होते. उपासना संपलेली असते, लोकांचं निम्मं लक्ष बाहेर उन्हात लावलेल्या गाड्यांकडे गेलेलं असतं आणि सेक्रेटरी माइकवर सांगतात, "मेच्या पहिल्या आठवड्यात मुलांची व्हीबीएस आहे. मदत करणाऱ्यांनी नावं द्यावीत." व्हीबीएस म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, पण एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. नावं कोण देणार हेही ठरलेलंच असतं. कॉलेजातल्या दोन मुली, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, तिसऱ्या दिवसापासून गायब होणारा एक गिटारवाला आणि मी.

या कामाला गोड गळा लागतो, गोष्ट रंगवून सांगता यावी लागते, असा समज आहे. ते असलं तर बरंच. पण माझ्या मते या कामाला सगळ्यात आधी लागतो तो कारकून. दारात टेबल टाकून बसणारा, आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, वय, आईचा फोन, कशाची अॅलर्जी आणि न्यायला कोण येणार हे लिहून घेणारा. देवाने मला गळा दिला नाही, अक्षर दिलं. त्यामुळे ते टेबल माझं.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला शंभर मेंढरांचा दाखला आपण संडे स्कूलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. नव्याण्णव रानात सोडून मेंढपाळ हरवलेल्या एकामागे जातो. चित्रात तो मेंढरू खांद्यावर घेऊन परत येत असतो, मागे मावळता सूर्य वगैरे. पण एक हरवलंय हे त्याला कळलं कसं, असं कुणी विचारत नाही. त्याने मोजली असणार! संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभा राहून एकेक करून मोजली असणार. त्या मोजणीचं चित्र कुणी काढत नाही, कारण मोजणाऱ्या माणसात काढण्यासारखं काही नसतं.

आणि न मोजल्यावर काय होतं तेही त्याच शुभवर्तमानात आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू वल्हांडणाच्या सणानंतर यरुशलेमेतच मागे राहतो. योसेफ आणि मरिया एक दिवसाची वाट चालून जातात आणि मग नातेवाइकांत, ओळखीच्यांत शोधायला लागतात. तोवर त्यांना वाटत होतं की तो बरोबरच्या लोकांत असेल. मला ते अगदी समजतं. मावशीकडे असेल, पुढच्या घोळक्यात असेल, आपलेच तर लोक आहेत सगळे. तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला. संडे स्कूलमध्ये या गोष्टीचा धडा नेहमी मुलाच्या बाजूने निघतो, पण मदतनिसांच्या बैठकीत मी ती आईबापांच्या बाजूने सांगते. मूल सगळ्यांचं असलं की त्याच्यावर लक्ष कुणाचंच नसतं, आणि मंडळीत तर प्रत्येक मूल सगळ्यांचं असतं.

म्हणून कार्ड. सकाळी मूल आलं की एक अर्धं कार्ड त्याच्या शर्टाला पिनने, दुसरं अर्धं घरच्यांच्या हातात, दोन्हींवर एकच नंबर. न्यायला येणाऱ्याने कार्ड दाखवायचं. यावरून पहिल्या वर्षी झालेली चर्चा मंडळीच्या इतिवृत्तात नाही हे बरं. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अगं, मंडळी म्हणजे कुटुंब. कुटुंबात कार्ड दाखवून नातवाला नेतात का?" मी म्हटलं, "काका, तुम्ही नातवाला न्या, पण नातू आमच्याकडे नाही हे मला कळायला नको का?" ते गप्प बसले, पण पटून नव्हे. दुसऱ्या एकांनी थेट वचनच काढलं, बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना मनाई करू नका. आता यावर काय बोलायचं? येताना मनाई कुणालाच नाही, मी फक्त जाताना विचारते.

यापेक्षा अवघड नियम पुढचा. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही. कायम दोघं, दार उघडं. लहानग्याला बाथरूमला न्यायचं तर मदतनीस ताई दाराबाहेर, आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात आणखी एक जण. वेगळी प्रार्थना करायची असेल तर हॉलच्या कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल अशी. हा नियम सांगताना खोलीतली हवा बदलते. प्रत्येकाला वाटतं, हिचा रोख माझ्यावर आहे. म्हणून मी सुरुवात पाळकसाहेबांपासून करते. "साहेब, हा नियम तुम्हालासुद्धा." ते मान डोलावतात आणि बाकीच्यांचे खांदे जरा खाली येतात. एखाद्याला वेगळा काढून लावलेला नियम अपमान वाटतो, पाळकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना लावला की ती नुसती शिस्त होते.

इथे मी विनोद करत नाही. मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो आणि ओळखीचीच माणसं देवळात असतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा. ‘आपसात मिटवू’, ‘मंडळीचं नाव जाईल’, ‘आधी कमिटीसमोर घेऊ’, यातलं काहीही त्या कायद्यात बसत नाही. आमच्या हॉलच्या फळ्यावर वचनाच्या शेजारी १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर लिहिलेला असतो. कुणीतरी म्हणालं, मुलं घाबरतील. मुलांनी तो पहिल्याच दिवशी पाठ केला, वचनाच्या आधी. चार आकडे, त्याला काय वेळ लागतो.

बायबलमध्ये सुरक्षिततेचं केवढं सामान पडलंय हे या कामात पडल्यावर कळलं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात स्पष्ट आज्ञा आहे की नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, म्हणजे कुणी पडलं तर दोष तुझ्या घरावर यायचा नाही. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तर खिडकीचा अपघातच आहे. त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता, युतुख नावाचा तरुण खिडकीत बसून ऐकता ऐकता झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेलाच म्हणून त्याला उचललं, मग पौलाने त्याला जिवंत केलं आणि वर जाऊन पुन्हा पहाटेपर्यंत बोलत राहिला. हा शेवटचा भाग मी पाळकसाहेबांसमोर वाचत नाही. पण गच्चीच्या दाराला कुलूप आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना जाळी ही मागणी मी या दोन उताऱ्यांच्या जोरावर मंजूर करून घेतली. कमिटीला खर्चाचा अंदाज पटत नाही, अध्याय आणि ओवी पटते.

खाऊचा विषय पुण्यात निघाला की पंचहौद आठवणारच. १८९० साली गुरुवार पेठेतल्या त्या मिशनमध्ये टिळक, रानडे अशी मंडळी गेली, चहा-बिस्किटं पुढे आली, आणि कोण काय प्यालं, कुणी कशाला हात लावला यावरून अख्खं पुणं पेटलं. प्रायश्चित्तापर्यंत गेलं ते प्रकरण. आज कोण काय खातंय याची चौकशी मी करते, शेंगदाण्याच्या अॅलर्जीसाठी. चिक्की आणि दाण्याचा लाडू म्हणजे खाऊ, हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की दाणे कुणाला चालत नसतील यावर आपल्याकडे कुणाचा विश्वासच बसत नाही. "थोडासा खाल्ला तर काय होतं?" असं विचारणारी आजी प्रत्येक मंडळीत असते. अगदी लहान मुलांना अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत, उभी चिरून द्यायची. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलायचे, कारण दोन-तीन वर्षांच्या पोराला ते तोंडात घालण्यासारखेच वाटतात.

पेठेतल्या वाड्यांतून, शेजारच्या चाळीतून सगळ्या घरांतली मुलं व्हीबीएसला येतात. ढोलकीचा आवाज ऐकू आला की कोण घरात थांबणार? माझा आग्रह एवढाच की त्यांच्या घरी आपण आधी जावं, इथे बायबलच्या गोष्टी आणि प्रार्थना असतात हे सरळ सांगावं, आणि आईबापांची सही घ्यावी. नुसतं ‘उन्हाळी शिबिर’ म्हणून मूल आत घ्यायचं आणि आत वेगळंच काही, हे मला पटत नाही. ज्याची सही नाही त्याला सरबत पाजून घरी सोडून येते. काही जण म्हणतात, सेवेची संधी घालवलीस. घालवली तर घालवली.

तसं पाहिलं तर या सगळ्याचा उगम देवळाबाहेरच आहे. १७८० साली इंग्लंडात ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने रविवारची शाळा काढली ती कामाला जुंपलेल्या मुलांसाठी, कारण त्यांना मोकळा दिवस तेवढा एकच. व्हीबीएसचं मूळ १८९८ च्या न्यूयॉर्कमध्ये सांगतात. एलायझा हॉझ नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर उंडारणाऱ्या पोरांना बायबल शिकवायला जागा शोधली आणि त्यांना मिळाला तो बिअरचा गुत्ता. आमच्याकडे हॉलमध्ये रंगकाम केल्यामुळे फरशीवर डाग पडले म्हणून बैठक बोलावली जाते, तेव्हा मी हॉझबाईंचं स्मरण करते.

नाताळचं संकट वेगळंच. देवदूतांचे झगे नायलॉनचे, बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी म्हणजे ज्ञानी लोकांच्या दाढ्या कापसाच्या, गव्हाणीत वाळलेलं गवत आणि प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती. यापेक्षा जास्त पेटणाऱ्या वस्तू एका मंचावर आणायच्या ठरवल्या तरी जमणार नाहीत. आता रविवार पेठेत बोहरी आळीतून सेलवर चालणाऱ्या मेणबत्त्या आणतो. भगिनी मंडळाला त्या आवडत नाहीत, भक्तिभाव येत नाही म्हणे. त्यांच्या मेणबत्त्या त्या बाकांवर बसून खुशाल पेटवतात. देवदूत मात्र बॅटरीवर.

सहल म्हटलं की मुलं एका आवाजात "खडकवासला!" ओरडतात. पाणी दिसलं की पाय घालणार, आणि धरणाच्या काठची खोली वरून दिसत नाही. तेव्हा पाणी बाद. आम्ही पेशवे पार्कात जातो. १९५६ पासून तिथे फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी फिरतेय, आमच्यातल्या अर्ध्या मदतनिसांनी स्वतः लहानपणी त्यातून चकरा मारल्यात. बसमध्ये चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं, गाडीत बसवताना मोजायचं. दहा मुलांमागे दोन मोठे, एक पुढे आणि एक मागे. फोटो काढायचे, पण मुलांची नावं घालून स्टेटसला लावायचे नाहीत. हा नियम मदतनिसांनी नव्हे, आयांनी मोडला.

आणि मजा? ती माझ्या वहीत कुठेच लिहिलेली नसते. गोष्टीला दिलेली पाऊण तासाची वेळ मुलं वीस मिनिटांत संपवतात, हस्तकलेत डिंक कागदापेक्षा केसांना जास्त लागतो, आणि सगळ्यात मोठा आनंद कशाचा तर सतरंज्या गुंडाळायचा. एकाने आत झोपायचं, बाकीच्यांनी गुंडाळायचं. मी डोकं बाहेर आहे ना बघते आणि गुंडाळू देते. नियोजन जितकं दारात करावं तितकं आत कमी लागतं. दार चोख असलं की आत गोंधळाला भिण्याचं कारण उरत नाही. सकाळी आठला सुरू करायचं आणि साडेअकराला सोडायचं, कारण त्यानंतर पुण्याचा मे कुणाचं ऐकत नाही.

शेवटच्या दिवशी मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतो, काय आवडलं, काय नाही. यंदा बहुतेकांना सरबत आवडलंय. एकाला युतुख आवडलाय. एकीने लिहिलंय, "ताई सारखं मोजते." आणि निम्म्या चिठ्ठ्यांत पुढच्या वर्षी रस्सीखेच हवी अशी मागणी आहे. बँकवाले काका म्हणतात, त्यांच्याकडे नायलॉनचा दोर पडून आहे. नायलॉन हाताला कापतो, सुताडाच हवा, जाड, आणि हाताला वेढा द्यायचा नाही हे आधी बजावून ठेवायला हवं. काकांना ते अजून सांगितलेलं नाही. बोहरी आळीत भाव काढून मग सांगीन.