आज भाचीसोबत त्वचारोगतज्ज्ञांकडे

बारावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या गालांवरचे मुरूम गेले काही महिने वाढतच होते, म्हणून आज तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने चिठ्ठीशिवाय आणलेले एक क्रीम ती रोज रात्री लावत होती. डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचून दाखवली, तेव्हा त्यात बीटामेथासोन हे स्टेरॉइड असल्याचे आम्हाला कळले. अशा क्रीमने सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो, पण पुढे त्वचा पातळ होते, मुरूम वाढतात आणि क्रीम एकदम थांबवले की लाली व आग उसळून येते. ती ट्यूब मी तिच्या टेबलावर अनेकदा पाहिली होती आणि एकदाही उचलून वाचली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

चेहऱ्याला लिंबू चोळण्याचा सल्ला तर माझाच होता. निरोगी त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५ असतो आणि लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास, म्हणजे तो रस त्वचेसाठी फारच आम्लधर्मी. शिवाय तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग राहू शकतात.

सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदाच चेहरा धुणे, त्वचा तेलकट असली तरी हलके मॉइश्चरायझर लावणे, उन्हात असताना ३० एसपीएफचे सनस्क्रीन दर २ तासांनी पुन्हा लावणे आणि मुरूम न फोडणे, एवढेच आता ठरले आहे. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. "मावशी, तोपर्यंत आरशात कमी बघेन," असे ती परतताना म्हणाली आणि मी तिचा हात घट्ट धरला.