फिल्मवर माझीच अक्षरं

एक्स-रेच्या खोलीत नातेवाइकांना थांबू देत नाहीत, ते किरणांमुळे. पण त्यामुळे अख्ख्या हॉस्पिटलात नवऱ्याला 'तुम्ही बाहेर थांबा' असं काही निमित्त न शोधता सांगता येतं, ते या एकाच दाराशी. सोळा वर्षं मी या दाराशी काम करतेय आणि हे लक्षात यायला ती बाई यावी लागली. (तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कॅज्युअल्टीतून कागद आला. डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, समोरून आणि बाजूने. कारणाच्या रकान्यात 'जिन्यावरून पडली'. नवरा सोबत होता, शांत, अदबीनं बोलणारा. तिला नाव विचारलं तर तेही त्यानेच सांगितलं. त्याला बाहेर बसवून मी तिला 'दिवस गेलेत का' हे विचारलं. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला ते विचारावंच लागतं, आणि मी ते एकटीला विचारते. तिने 'नाही' म्हटलं, दाराकडे बघत.

फिल्म स्क्रीनवर आली आणि मी थबकले. माणूस पडताना सावरायला तळहात टेकतो. सगळा भार मनगटावर येतो, आणि बहुतेक वेळा तिथेच, अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, मोडतं. तिचं मनगट धडधाकट होतं, रेडियसही. मोडलं होतं ते करंगळीच्या बाजूचं अल्ना, मधोमध, आडवं. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर धरून बघा, पुढे येतं ते हेच हाड. पोलिसाच्या दंडुक्यावरून या फ्रॅक्चरला 'नाइटस्टिक' म्हणतात. पायरीच्या कडेवर हात आपटला तरी ते असं मोडू शकतं, म्हणून नुसत्या फिल्मवरून कुणावर आरोप करता येत नाही. पण विचारता तर येतं.

जुन्या फिल्म उघडून बघायची मला सवय आहे. अकरा महिन्यांपूर्वीची छातीची एक निघाली. उजवीकडच्या दोन बरगड्यांवर हाड भरून आल्याच्या गाठी, म्हणजे त्या तेव्हाही कित्येक आठवड्यांपूर्वी मोडलेल्या. कारण लिहिलं होतं 'खोकला'. आणि कोपऱ्यात शिशाच्या मार्करची खूण, तिच्याखाली माझी आद्याक्षरं. कुणी काढली ते कळावं म्हणून आम्ही प्रत्येक फिल्मवर ती लावतो. 'श्वास घ्या, रोखा, सोडा', एवढंच मी तेव्हा तिच्याशी बोलले असणार.

आत गेले. बाहेरचा लाल दिवा चालूच ठेवला. तो जळतोय तोवर दार कुणी उघडत नाही. जादा फिल्म काढली नाही, गरज नसताना किरण देणं मला पटत नाही. फक्त दिवा.

"पडल्यावर सहसा हे हाड असं मोडत नाही. कुणी मारलं का?"

ती पुन्हा दाराकडे बघायला लागली. मी म्हटलं, "दिवा चालू आहे. तो आत येणार नाही."

बराच वेळ तिने दुखरा हात मांडीवर धरून ठेवला. मग म्हणाली, "आता पूर्वीएवढं मारत नाही. गळा धरतो फक्त."

त्या 'फक्त'वर काय बोलावं मला सुचेना. गळा आवळल्यावर अनेकदा बाहेर वळसुद्धा उठत नाही, म्हणून ऐकणाऱ्यालाही ते किरकोळ वाटतं. ते सगळ्यात धोक्याचं असतं. अमेरिकेतला 2008 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: ज्या बाईचा जोडीदाराने आधी गळा आवळलाय, तिचा पुढे खून होण्याचा धोका सात पटींच्या आसपास वाढलेला दिसला. आवाज बसतो का, गिळताना दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, ते मी विचारलं. अंधारी दोनदा आली होती.

"यात तुमची चूक नाही," एवढं म्हटलं. 'सोडून दे त्याला' म्हटलं नाही. बाई घर सोडायला निघते तेव्हाच जीवाला सगळ्यात जास्त धोका असतो, आणि ती वेळ ठरवणारी मी कोण?

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना फोन करून गळ्याचं सांगितलं. ते म्हणाले, "आपण हाडाचं बघायचं, घरगुती भानगडीत पडायचं नाही." जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय की अशी दुखापत दिसली तर बाईला एकांतात विचारा, तिचं ऐका, तिच्यावर विश्वास ठेवा, ती सुरक्षित राहील कशी ते बघा. या डॉक्टरांनी जिन्याची गोष्ट नवऱ्याच्या तोंडून ऐकली आणि तशीच कागदावर उतरवली. मला अजून राग आहे. शेवटी गळा तपासला तो सर्जनबाईंनी, मी दुसरा फोन केल्यावर.

समाजसेविका मागच्या दाराने आल्या. कामात इतकी जाणती माणसं मी थोडी पाहिली आहेत. पत्रक दिलं नाही, कारण तो पर्स तपासतो. मदतीचा नंबर तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. कागदपत्रं कुठे ठेवायची, शेजारणीला कोणता शब्द सांगितला की ती मदत बोलावेल, ते ठरवलं. नोंदीत तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिलं आणि ते कागद नवऱ्याच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था केली. त्या दिवशी ती प्लास्टर घालून त्याच्याबरोबर घरी गेली. तिनेच तसं ठरवलं होतं.

सहा आठवड्यांनी परत फिल्म काढायची होती. त्या दिवशी माझी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी येऊन आधी तीच उघडली. हाड छान जुळलेलं, मार्करवर सहकाऱ्याची अक्षरं. मी त्याला विचारलं, ती एकटी आली होती, की सोबत कुणी होतं?

त्याला आठवत नव्हतं.