आमची वाटचाल : आधी मीठ उतरव

आमच्या जुन्या घराला काच अशी नव्हतीच. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर आणि खिडक्यांना गज नि लाकडी झडपा. पावसाळा आला की झडपा बंद, वारा पडला की उघड्या. घरात काच म्हणाल तर कंदिलाची. ती सासूबाई चुलीतली चाळलेली राख धोतराच्या फडक्यावर घेऊन पुसायच्या, आणि फडकं फिरवताना आत तोंडाने वाफ सोडायच्या. काचेचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

दापोली तालुक्यातल्या मुरुडला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. 2018 मध्ये आम्ही वाडीच्या पुढच्या अंगाला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. समुद्र दिसावा म्हणून मोठमोठ्या सरकत्या काचा लावल्या. पहिला आठवडाभर काचा इतक्या स्वच्छ होत्या की एक कावळा येऊन आपटला. मग दिवाळीनंतर वारा सुटला आणि काचांवर दुधासारखी साय धरली. बोट फिरवलं तर चिकट, जीभ लावली तर खारट. मी बाजारातला निळा स्प्रे मारून कपड्याने खसाखसा पुसलं. साय गेली नाही, पसरली. उन्हं तिरपी झाली की सगळ्या काचेवर फडक्याचे गोल गोल फराटे दिसायचे. पाहुणे फोटो काढायला पडदा सरकवायचे तेव्हा मला कानकोंडं व्हायचं.

दुपारी ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या सासूबाई माझी धडपड बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगो, आधी मीठ उतरव, मग काच पूस."

काच पुसायच्या द्रावणाचा आमचा पुढचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा राहिला. मीठ पाण्यात विरघळतं. काच पुसायच्या द्रावणाचा नुसता फवारा मारला तर मीठ जेमतेम ओलं होतं, आणि त्या खारवणाचा पातळ थर आपण काचभर लिंपतो. वर मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून संध्याकाळी काच पुन्हा मळकट. कोरडं पुसलं तर आणखी वाईट, मिठाचे आणि तांबड्या मातीचे कण काचेवर घासले जातात. म्हणून आधी वरून खालपर्यंत साधं गोडं पाणी ओतायचं आणि ते निथळू द्यायचं. मग द्रावण.

द्रावण मी घरातल्याच वस्तूंतून जमवत गेले. अर्धा लिटर पाण्याला 60 मिली पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे औषधाच्या दुकानात मिळतं. व्हिनेगर आम्ल असतं, त्याने पाण्याचे पांढरे डाग सुटतात. अल्कोहोलने बोटांचा तेलकटपणा निघतो आणि काच लवकर सुकते, त्यामुळे रेघा राहत नाहीत. पहिल्यांदा मी त्यात चमचाभर कॉर्नफ्लोरही घालत असे. ते अगदी बारीक घासतं आणि काच खरंच लखलखते. घरी त्याच दिवशी वापरायचं असेल तर आजही घालावं, फक्त बाटली हलवत राहावं, कारण ते तळाशी बसतं आणि फवाऱ्याचं तोंड चोंदतं. विकायच्या बाटलीत मात्र आम्ही ते घालत नाही. आमच्याकडच्या पावसाळी हवेत पिठाचं काहीही टिकत नाही.

लिंबू करून पाहिलं, त्यातल्या साखरेने काच चिकट झाली आणि मुंग्या लागल्या. वास छान यावा म्हणून गवती चहाचं तेल घातलं, तर काचेवर तेलाचं इंद्रधनुष्य. रिठ्याच्या पाण्याने मळ सुटतो, पण फेस काढायलाच दुप्पट पाणी लागतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा सल्ला सगळीकडून मिळाला. दोन्ही भेटले की फसफसतात, त्यामुळे काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, मागे राहतं जवळजवळ पाणीच. मिसळून बाटलीचं झाकण घट्ट लावलं तर आतल्या वायूने बाटली फुटू शकते. आणि ब्लिचिंगच्या पाण्यात व्हिनेगर कधीही घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक आहे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, समोरच्याला कंटाळा आला तरी सांगते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. टाळेबंदीमुळे खोल्या आधीच रिकाम्या होत्या. वाडीतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, कितीतरी दिवस वीज नव्हती. वारा थांबल्यावर पाहिलं तर ज्या काचा शाबूत होत्या त्यांच्यावर मीठ, पानांचा चोथा आणि माती यांचा लेप बसला होता. घरं उभी करण्यात वर्ष गेलं. उत्पन्न बंद, वाडी पुन्हा लावली तरी फळ धरायला वर्षं लागणार. तेव्हा आजूबाजूच्या घरांच्या आणि लॉजच्या काचा धुऊन द्यायचं काम मी आणि माझ्या जाऊबाईंनी हाती घेतलं. काम झाल्यावर लोक म्हणायचे, "वहिनी, ते पाणी बाटलीत भरून द्या ना." 2021 च्या गणपतीआधी आम्ही पहिल्या चाळीस बाटल्या भरल्या. चाकरमानी यायच्या आत घर चकचकीत हवं असतं, त्या चाळीस आठवड्यात संपल्या.

रंग आम्ही घातला नाही. "निळं नाही म्हणजे नुसतं पाणी विकताय," असं दोन दुकानदारांनी तोंडावर सांगितलं. निळा रंग काच पुसत नाही, आणि पांढऱ्या चौकटीवर ओघळला तर डाग पडायची भीती वेगळी. आम्ही त्या दुकानांत स्वतः जाऊन त्यांच्याच दर्शनी काचेचा अर्धा भाग पुसून दाखवला. एकाने लगेच डझनभर बाटल्या ठेवल्या.

सगळ्यात मोठा धडा 2022 च्या मे महिन्यातला. आमची विहीर समुद्रापासून फार लांब नाही. पावसाळ्यापासून माघापर्यंत पाणी गोड असतं. वैशाखात विहीर खाली जाते, जमिनीतलं गोडं पाणी ओसरलं की खारं आत सरकतं आणि पाणी मचूळ होतं. आम्हा घरच्यांच्या जिभेला सवय झालेली, कळलं नाही. त्या पाण्यात भरलेल्या बाटल्या हंगामाच्या ऐन गर्दीत गेल्या आणि तक्रारी सुरू झाल्या : पुसल्यावर काच पांढरट दिसते. मी आधी त्यांनाच विचारत राहिले, नीट धुतलंत का? मग एका रात्री मीच बाटलीतला एक थेंब आरशावर ठेवला आणि सुकू दिला. सकाळी तिथे पांढरं कडं होतं, रव्याएवढ्या कणांचं. मीठ उतरवायला निघालेली मी बाटलीतून मीठच विकत होते. सत्तर बाटल्या परत आणल्या, पैसे दिले. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून पाणी पावसाचं. पहिल्या सरींचं घेत नाही, त्यात छपरावरचं मीठ, शेवाळं, धूळ सगळं वाहून येतं. आषाढात पाऊस चांगला लागला की पन्हळीतून टाकीत घेतो, निवळू देतो, मग गाळून आरओ यंत्रातून काढतो. प्रत्येक घाण्याआधी जाऊबाई आरशावर थेंब ठेवतात. सावलीत सुकल्यावर कडं दिसलं तर ते पाणी झाडांना.

दुसरी चूकही माझीच. एका लॉजवर खिडकीच्या खालच्या कडाप्प्यावर द्रावण ओघळलं आणि मी पुसलं नाही. कडाप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, व्हिनेगरने त्याची झिलई गेली आणि फिक्या रेघा उमटल्या. पॉलिशचा खर्च आम्ही भरला. आता लेबलवर ठळक छापतो : संगमरवर, कडाप्पा, कोटा यांवर सांडू नये. लेबलवरून आठवलं, सुरुवातीच्या बाटल्यांवर मी हौसेने फक्त नाव नि माडाचं चित्र लावलं होतं. वजन-माप, किंमत, बनवल्याचा महिना, तक्रारीसाठी पत्ता हे सगळं छापावं लागतं, हे एका ओळखीच्या दुकानदाराने समजावलं. मग उद्यम नोंदणी केली आणि लेबल नव्याने करून घेतलं.

हर्णै बंदरातल्या एका तांडेलाने, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाने, मला नवीन पद्धत शिकवली. बोटीच्या केबिनच्या काचेवर खारा तुषार सतत उडतो, सुकला की पुढचं दिसेनासं होतं. पण बोटीवर गोडं पाणी पिण्यासाठी असतं, काचेवर ओतायला नाही. तो म्हणाला, "काकी, तांब्याभर पाण्यात काय होईल ते सांगा." आम्ही दोन फडकी ठरवली. पहिलं गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं, ते काचेवर नुसतं टेकवत वरून खाली आणायचं, घासायचं नाही, दर खेपेला घडी बदलायची. मीठ फडक्यात उतरतं. मग द्रावण आणि दुसरं कोरडं फडकं. आता मासळीच्या लिलावाच्या वेळी आमची पाच लिटरची कॅन बंदरावर जाते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ही मागणी थांबते. तेच आमचे पाणी साठवायचे दिवस.

आता आम्ही पाचजणी काम करतो. बाटली परत आणली तर भरून देतो, पंधरा रुपये कमी घेतो. कृती विचारली तर सांगतो, वर लिहिलीच आहे. फडकं जुन्या सुती धोतराचं किंवा साडीचं घ्या, ऊन काचेवर असताना पुसू नका, आणि आतून आडवं, बाहेरून उभं पुसा, म्हणजे रेघ राहिली तर कुठल्या बाजूची ते कळतं.

सासूबाईंची नजर आता अधू झाली आहे. तरी घाणा झाला की पहिली बाटली त्यांच्या खोलीच्या खिडकीवर वापरतो. त्या जवळ येतात, काचेवर पालथा हात ठेवतात आणि मग ओठाला लावून बघतात.